पीडीएफ काढताना दर वेळी फाइलचं नाव विचारणारी खिडकी: ती बंद करायची कशी, आणि बंद केल्यावर काय काय होतं

लातूरच्या मार्केट यार्डात मी कॉम्प्युटरची किरकोळ कामं करतो. विंडोज टाकणं, प्रिंटर जोडणं, उंदराने कुरतडलेली केबल बदलणं. गेल्या दोन हंगामांत अडत दुकानांतून सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार एकच आहे: "अहो, प्रिंट दिली की परत नाव विचारतंय."

मामला असा आहे. पूर्वी माल विकला की पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, डॉट मॅट्रिक्सवर कर्रकर्र निघायची आणि शेतकऱ्याच्या हातात पडायची. आता बऱ्याच जणांचा माल गाडीवाला घेऊन येतो, शेतकरी घरीच असतो आणि पट्टी व्हॉट्सॲपवर मागतो. दुकानातलं बिलाचं सॉफ्टवेअर जुनं. त्यात पीडीएफचं बटण नाही, फक्त 'प्रिंट' आहे. मग प्रिंटर म्हणून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडतात. प्रिंट दिली की 'सेव्ह प्रिंट आउटपुट ॲज' ही खिडकी उघडते. फोल्डर दाखवा, नाव लिहा, सेव्ह करा. एका पट्टीला वीस सेकंद धरा. सोयाबीनच्या दिवसांत दीडशे पट्ट्या निघाल्या तर पाऊण तासाच्या वर वेळ नुसता नावं लिहिण्यात जातो. आणि माणूस वैतागला की नावं कशी पडतात? एका मुनीमजींच्या डेस्कटॉपवर मी स्वतः पाहिलेल्या फाइली: १, ११, १११, नवीन, नवीन नवीन, जाधव, जाधव २, जाधव खरा.

आधी एक सांगून टाकतो. हा बिघाड नाही. २०१५ साली विंडोज १० बरोबर हा प्रिंटर आला तेव्हापासून तो असाच वागतो आणि त्याला असंच वागायला बनवलंय. त्यामुळे ड्रायव्हर काढून परत टाकणं, विंडोज अपडेट करणं, कॉम्प्युटर बंद-चालू करणं, यातलं काही उपयोगाचं नाही. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' उघडून बसू नका. तिथे कागद उभा की आडवा आणि आकार कोणता, एवढंच आहे. नाव विचारू नको असं सांगायची जागाच तिथे नाही.

खरी जागा पोर्टची

विंडोजच्या लेखी प्रिंटर म्हणजे तीन गोष्टी: रांग, ड्रायव्हर आणि पोर्ट. रांगेत काम थांबतं, ड्रायव्हर ते यंत्राला कळेल असं लिहितो, आणि लिहिलेलं जिथून बाहेर सोडायचं तो दरवाजा म्हणजे पोर्ट. खऱ्या प्रिंटरचा पोर्ट 'यूएसबी ००१' असा काही असतो. जुन्या जाड केबलवाल्याचा 'एलपीटी १'. आता पीडीएफ प्रिंटरच्या 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'पोर्ट्स' हा टॅब उघडा. तिथे टिक असते ती 'पोर्टप्रॉम्प्ट'वर. म्हणजे गोदामाच्या दारात उभा राहून प्रत्येक कट्ट्याला "हा कुठं टाकू मालक?" विचारणारा हमाल. पीडीएफ बनवणारा ड्रायव्हर वेगळा आणि विचारणारा पोर्ट वेगळा. ड्रायव्हर तोच ठेवून पोर्ट बदलला की विचारणं थांबतं.

मूळ प्रिंटरला हात लावू नका, तो एरवी लागतो. त्याच ड्रायव्हरवर दुसरा प्रिंटर उभा करा. आधी सी ड्राइव्हवर एक फोल्डर बनवा, नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये स्पेस नको. मग सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये जाऊन नवीन प्रिंटर जोडायचं बटण दाबा. विंडोज इकडेतिकडे शोधत बसेल, शोधू द्या. थोड्या वेळाने खाली 'ॲड मॅन्युअली' येतं (विंडोज १० मध्ये 'मला हवा तो प्रिंटर यादीत नाही' अशा अर्थाची ओळ). ते दाबून सगळ्यात खालचा, लोकल प्रिंटर स्वतः जोडायचा पर्याय घ्या. पुढच्या पानावर 'क्रिएट अ न्यू पोर्ट' आणि प्रकार 'लोकल पोर्ट'. 'नेक्स्ट' दाबल्यावर पोर्टचं नाव विचारतात.

इथेच दहातले आठ जण चुकतात, म्हणून सावकाश सांगतो. या रकान्यात नाव लिहायचं नाही, फाइलचा अख्खा पत्ता लिहायचा. सी, मग एकाखाली एक दोन टिंबं, मग उलटी तिरकी रेघ, फोल्डरचं नाव, पुन्हा उलटी तिरकी रेघ, फाइलचं नाव, एक टिंब आणि शेवटी पीडीएफ ही तीन अक्षरं. नुसता फोल्डरचा पत्ता दिला तर काम रांगेत अडकून 'एरर' येतो. शेवटची तीन अक्षरं विसरलात तर फाइल बनते, पण डबल क्लिक केल्यावर उघडत नाही आणि मला फोन येतो.

पुढे ड्रायव्हरच्या यादीत डावीकडे मायक्रोसॉफ्ट, उजवीकडे 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ'. आहे तोच ड्रायव्हर वापरायला सांगा. प्रिंटरला ओळखू येईल असं नाव द्या, शेअर करू नका आणि टेस्ट पेज काढा. खिडकी न उघडता फोल्डरमध्ये फाइल पडली की अर्धं काम झालं.

दोन पथ्यं. पोर्टचा पत्ता याच कॉम्प्युटरच्या डिस्कवरचा द्या. दुसऱ्या मशीनवरचा फोल्डर 'झेड' वगैरे अक्षर देऊन जोडलेला असतो तो तुम्हाला दिसतो, पण छपाईचं काम मागे बसून करणाऱ्या स्पूलरला दिसेलच असं नाही. आणि विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये किंवा 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये फाइल पाडायला जाऊ नका. मे २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने छपाईच्या व्यवस्थेतली सुरक्षेची एक फट बुजवली. ती याच युक्तीची होती: पोर्ट म्हणून फाइलचा पत्ता द्यायचा आणि नको तिथे लिहून ठेवायचं. तेव्हापासून तुमच्या खात्याला जिथे लिहायची परवानगी नाही तिथला पोर्ट चालत नाही. जुने व्हिडिओ बघून कुणी तसं करायला गेला तर अडकतो ते यामुळे.

इथे थांबलात तर पस्तावाल

पहिल्या दुकानात मी इथेच थांबलो होतो. एक प्रिंट काढून दाखवली, फाइल पडली, चहा झाला, पैसे घेतले. संध्याकाळी मुनीमजींचा फोन: "दिवसभर पट्ट्या काढल्या, फोल्डरमध्ये एकच आहे." अर्थात एकच असणार. पोर्टचा पत्ता एक, फाइल एक. प्रत्येक नवी पट्टी आधीच्या पट्टीवर जाऊन बसली आणि शेवटच्या शेतकऱ्याची तेवढी उरली. सॉफ्टवेअरमध्ये नोंदी होत्या म्हणून निभावलं. पण सगळ्या पट्ट्या परत काढून होईपर्यंत रात्रीचे साडेनऊ वाजले आणि मी समोर स्टुलावर बसून होतो. चहासुद्धा कुणी विचारला नाही.

म्हणजे खिडकी घालवली की नावाचा प्रश्न सुटत नाही, तो तुमच्या गळ्यात येतो. आधी माणूस नाव देत होता, आता कुणीतरी द्यायला हवं.

मी पॉवरशेलची (विंडोजला आज्ञा लिहून देऊन काम करून घ्यायचं साधन) वीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ती फोल्डरवर लक्ष ठेवते. फाइल आली की तारखेच्या फोल्डरमध्ये हलवते आणि नावात वेळ घालते. ऐकायला सोपं आहे. पहिल्याच दिवशी तिने शून्य केबीच्या तीन फाइली हलवल्या. कारण फाइल फोल्डरमध्ये दिसते ती लिहायला सुरुवात झाली की, लिहून संपल्यावर नाही. म्हणून स्क्रिप्टने दोन गोष्टी तपासायच्या: सेकंदभराच्या अंतराने बघितल्यावर आकार तोच आहे का, आणि फाइल दुसऱ्या कुणालाही न देता एकट्याने उघडता येते का. दोन्ही जमलं तरच हलवायची. त्या नावाची फाइल आधीच असेल तर वर लिहायचं नाही, मागे आकडा वाढवायचा.

पट्टीचा नंबर नावात हवा असेल तर पीडीएफमधला मजकूर बाहेर काढणारं 'पीडीएफ टू टेक्स्ट' हे छोटं मोफत साधन मिळतं. त्यातून नंबराची ओळ शोधायची आणि तोच नंबर फाइलला द्यायचा. इथे दोन खाचखळगे आहेत. एक, नंबर इंग्रजी आकड्यांत आणि साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये छापलेला असावा. मराठी नाव काढायला गेलो तर काना-वेलांट्यांचा काला हाती आला. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये तर मजकूर मुळात इंग्रजी अक्षरंच असतो, फक्त दिसतो मराठी. दुसरा, आपल्याकडे नंबर आर्थिक वर्ष आणि मग तिरकी रेघ असा लिहायची सवय आहे: २०२४-२५/१४३. विंडोजमध्ये फाइलच्या नावात नऊ चिन्हं चालत नाहीत, त्यात दोन्ही तिरक्या रेघा येतात. स्क्रिप्ट तिथेच कोसळायची. रेघेच्या जागी आडवी डॅश घालून घेतली तेव्हा मिटलं.

आणि एक दोष मला शेवटपर्यंत काढता आला नाही, कारण तो युक्तीतच आहे. मुनीमजींनी पाच पट्ट्या निवडून एकदम प्रिंट दिली तर स्क्रिप्ट पहिली फाइल उचलायच्या आत दुसरी तिच्यावर येऊ शकते. एकेक पट्टी काढणाऱ्या दुकानाला पोर्टची युक्ती पुरते. घाऊक छपाई असेल तिथे मी ती लावत नाही. माझं स्पष्ट मत आहे की पैशाचा कागद आहे, तो कधीतरी एखादा गळतो अशी व्यवस्था नकोच.

घाऊक कामाला दुसरा प्रिंटर

तिथे वेगळा पीडीएफ प्रिंटर टाकतो. 'पीडीएफ क्रिएटर' किंवा मुक्त स्रोतातला 'क्लॉ पीडीएफ', दोन्हींत 'ऑटो सेव्ह' आहे. प्रोफाइलमध्ये ते चालू करून फोल्डर ठरवून द्यायचा आणि नावाचा साचा बनवायचा: कागदपत्राचं शीर्षक, तारीख-वेळ, चढता आकडा, हवं ते. रांगेतलं प्रत्येक काम ते वेगळं धरतात, म्हणून वरचा गळतीचा धोका राहत नाही. फाइल उघडून दाखवायची टिक मात्र काढा, नाहीतर दीडशे वेळा पीडीएफ उघडेल. पूर्वी खिडकी बंद करत होतात, आता फाइल बंद कराल.

साच्यात नुसतं शीर्षक ठेवू नका. शीर्षक देतं ते प्रिंट देणारं सॉफ्टवेअर, आणि जुनी बिलाची सॉफ्टवेअरं प्रत्येक कागदाला 'रिपोर्ट' असं एकच शीर्षक लावून मोकळी होतात. वेळ आणि आकडा जोडीला हवेतच. डाउनलोड मूळ साइटवरूनच करा. शोधात पहिल्या येणाऱ्या 'फ्री' साइटी सोबत काय काय चिकटवून देतील सांगता येत नाही. दुकानात वापरायचं असेल तर परवान्याच्या अटीही वाचा. घरगुती वापर आणि धंदा यांत फरक करणारी सॉफ्टवेअरं आहेत.

विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' नावाची सोय आली आहे. ती चालू केली की बाहेरच्या कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर बंद होतात, त्यात असे पीडीएफ प्रिंटरही गेले. ती आपोआप चालू नसते. पण कुणी हौसेने दाबली असेल तर "काल चालत होता, आज गायब" असा फोन येतो.

बाकी, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचं 'एक्स्पोर्ट' किंवा 'सेव्ह ॲज पीडीएफ' असेल तर हा सगळा उद्योग करूच नका. टॅलीत आहे, वर्ड-एक्सेलमध्ये आहे. प्रिंटरमार्गे गेलेल्या पीडीएफमधून लिंका आणि बुकमार्क गळतात, मराठी मजकूर शोधता येईलच असं नसतं. क्रोममध्ये प्रिंट दिल्यावर दिसणारा 'सेव्ह ॲज पीडीएफ' हा क्रोमचा स्वतःचा आहे. त्याचा वरच्या पोर्टशी काही संबंध नाही, त्यामुळे पोर्ट बदलून तिथली खिडकी जाणार नाही.

चार दिवस चालून परत बिघडतं तेव्हा

सगळं लावून दिल्यावर चौथ्या दिवशी येणारी तक्रार: "पीडीएफ येत नाही, कागदावरच छापतंय." नाहीतर उलट, खताच्या दुकानाची पावती कागदावर हवी होती ती पीडीएफमध्ये गेली. बहुतेक वेळा कारण एकच निघतं. सेटिंग्जमध्ये 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' ही टिक चालू असते. ती असली की शेवटी वापरलेला प्रिंटर विंडोज आपणहून डिफॉल्ट करतं. मुलाचं हॉल तिकीट एकदा लेझरवर काढलं की पुढच्या पट्ट्या लेझरवर. टिक काढा आणि डिफॉल्ट स्वतः ठरवा. मी आता हे सगळ्यात आधी करतो.

दुसरी: "रांग अडकली, काहीच निघत नाही." मुनीमजींनी पोर्टवाली फाइल ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडी ठेवलेली असते. रीडर फाइल धरून बसतो, स्पूलरला तिच्यावर लिहिता येत नाही, आणि मागची सगळी कामं खोळंबतात. रीडर बंद करून रांगेतलं काम पुन्हा चालू केलं की बहुधा सुटतं. नाहीच सुटलं तर सर्व्हिसेसमध्ये 'प्रिंट स्पूलर' थांबवा, विंडोजच्या फोल्डरमध्ये सिस्टिम ३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स हा फोल्डर रिकामा करा आणि स्पूलर परत चालू करा. फोल्डर उडवू नका, आतल्या फाइली तेवढ्या काढा. अडकलेल्या पट्ट्या जातात, त्या परत काढाव्या लागतात. आधी नंबर टिपून घ्या.

अपडेटनंतर मूळ पीडीएफ प्रिंटरच दिसेनासा झाला तर 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' उघडून त्याची टिक काढा, ओके करा, पुन्हा लावा.

रात्री आपोआप रिपोर्ट काढणारं काम टास्क शेड्युलरमध्ये लावलेलं असेल आणि ते मूळ प्रिंटरवर जात असेल, तर नाव विचारणारी खिडकी अशा ठिकाणी उघडते जिथे बघायला कुणी नाही. काम सकाळपर्यंत तसंच ताटकळत राहतं. दिवसासुद्धा कधी कधी ही खिडकी सॉफ्टवेअरच्या मागे लपते आणि सगळ्यांना वाटतं मशीन हँग झालं. आल्ट-टॅब दाबून बघा.

इतकं करूनही खिडकी येतच राहिली तर बिलाच्या सॉफ्टवेअरच्या आतलं सेटिंग उघडा. काही सॉफ्टवेअरं प्रिंटरचं नाव आपल्याकडे लिहून ठेवतात आणि विंडोजमधला डिफॉल्ट बघतच नाहीत. मागच्या महिन्यात एका दुकानात मी दीड तास पोर्ट, ड्रायव्हर, स्पूलर सगळं पालथं घातलं. शेवटी काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "दादा, त्या एफ १२ मध्ये प्रिंटरचं नाव टाकायला लागतंय, मागच्या इंजिनिअरनं टाकलं होतं." एफ १२ दाबलं. जुन्याच प्रिंटरचं नाव होतं.